सहावी ब, मराठी

मिफ्ताह म्हणजे किल्ली,
हे गफूरमामूंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं,
आणि त्याच दिवशी फाटकाची किल्ली सापडेना.
अर्धा तास आम्ही सगळे रस्त्यावर,
तीनशे मुलं, सात टीचर,
आणि मी, जुन्या जालन्यातली घुगेबाई,
बी.एड. होऊन नऊ वर्षं झालेली.
घरच्यांनी विचारलं होतं, तिथं?
मी म्हटलं, तिथं पगार पाच तारखेला होतो.

इमारत आधी जिनिंगची.
अजून चौथीच्या फरशीतून सरकी निघते.
मुलं ती कंपासपेटीत जपून ठेवतात,
का, ते मी विचारलेलं नाही.

वर कुराणाचा तास असला
की खाली माझं व्याकरण आपोआप तालात येतं.
स ला ते, स ला ना ते,
पोरं विभक्ती डुलत डुलत म्हणतात,
पाठ करायचं म्हणजे डुलायचंच, असा त्यांचा समज.
मी थांबवत नाही.
माझी आत्या पोथी वाचताना अशीच डुलायची,
आणि तिला अध्यायच्या अध्याय पाठ होते.

अडतो तो ळ.
तंजीला जीभ टाळ्याला नेते, धरते, सोडते,
आणि ल पडतो.
फळा, फला.
माळ, माल.
ओळीत उभे राहा: ओलीत.
"टीचर, जबान पलटतीच नै," म्हणते
आणि ओढणीत तोंड खुपसून हसते.
मी तरी कुठे धड.
खुर्रमचा ख मला घशातून काढता येत नाही,
तो बिचारा कुठल्याही ख ला हजर म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी गल्लीनं निवेदन दिलं होतं,
शाळा नको, गर्दी नको, यांची शाळा तर नकोच.
पहिली सही कुलथे सराफांची,
अक्षर सुरेख, मी पाहिलंय.

एप्रिलात शहराच्या नळाला
बाराव्या दिवशी पाणी यायला लागलं.
नुजहत आपांनी बैठक घेतली नाही, कुणाला विचारलं नाही.
रविवारी बबन खिल्लारेला बोलावून कंपाउंड फोडलं,
बोअरचा पाइप रस्त्याकडे काढला, वर तोटी बसवली.
बबन म्हणाला, पाटी लावायची का, शाळेच्या नावाची?
आपा म्हणाल्या, "पानी पढ़ता नै."

आता कुलथ्यांची सून रोज दोन हंडे घेऊन येते.
माफी कुणी मागितली नाही,
निवेदन कुणी परत घेतलं नाही,
ते महापालिकेत कुठल्यातरी गठ्ठ्यात असेल.
भांडणं होतात.
परवा एक कळशी भिंतीवर आपटली, चेपली,
आणि कोण कुणाच्या जातीवर गेलं
ते गफूरमामूंनी मला सांगायचं टाळलं.

मधल्या सुट्टीत पाणी वाटायला सहावी ब.
तंजीला कट्ट्यावर चढते,
बाया तिच्यापेक्षा तिप्पट वयाच्या:
"ओलीत उभे राहा! ओलीत!"
कुलथ्यांची सून हंडा कमरेवर घेत म्हणते,
"ओळीत गं. ळ. ळ. बाईंनी शिकवलं नाही होय?"
मी खिडकीतून मागे सरते.

वार्षिक पेपरात निबंध होता, आमची शाळा.
बहुतेकांनी इमारत भव्य लिहिली,
मैदान विशाल लिहिलं, जे आम्हाला नाहीच.
तंजीलानं चारच वाक्यं लिहिली.
शेवटचं:
आमच्या शाळेच्या नळावर लोक ओलीत उभे असतात.
नळ मात्र बरोबर. ळ ला गाठही नीट.

लाल पेन उघडून मी बराच वेळ बसले.
अर्धा गुण कापला, कापावा लागतो.
बाहेर तोटी गळत होती,
हंड्यांखालची माती काळी झालेली,
आणि बाया चपला हातात घेऊन
उभ्या होत्या तिथंच, तशाच,
ओलीत.